यंत्राला माहीत नसलेली एक गोष्ट

स्लाइड १
*उत्तम ॲडमिन तोच, जो आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.*

हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं आणि त्याचा त्याला इतका अभिमान होता की व्याख्यानात ते तीन वेळा येणार होतं. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. शेवटी जरा सावकाश.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तो वीस वर्षं आयटी ॲडमिन होता. चार मजले, तीनशे दहा माणसं, तीनशे दहा खाती, आणि या सगळ्या पसाऱ्याचा एकटा कारभारी तो. हाताखालची जागा तीन वर्षांपूर्वी रिकामी झाली तेव्हा त्यानेच कळवलं होतं, 'दुसऱ्या माणसाची गरज नाही.' वीस वर्षांत नेटवर्क कधी तासाभराच्या वर बंद राहिलं नव्हतं. पंप धरूनसुद्धा सगळ्या कंपनीत इतकं न थांबता चालणारं दुसरं काहीच नव्हतं.

म्हणून तर मोठ्या साहेबांनी फोन करून सांगितलं, "गुरुवारी तीनला सभागृहात बोला. नवी भरती आहे, जुनेही येतील. विषय, आयटीच्या कारभारात यशस्वी करिअर घडवावं कसं आणि टिकवावं कसं. वीस वर्षं टिकलात, काहीतरी गुपित असेलच."

गुपित होतंच. सव्वीस स्लाइडचं होतं. तीन आठवडे तो घरी कपाटाच्या आरशासमोर उभा राहून बोलत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे सराव निर्वेध चाले. एकदा दुसऱ्या स्लाइडला भिंतीपलीकडून टाळ्या आल्या. तो थांबला, मान तुकवली, पुढे गेला. नंतर कळलं, शेजारी डास मारत होते.

स्लाइड २
*जे काम दोनदा करावं लागतं ते तिसऱ्यांदा यंत्राकडून करून घ्या.*

लोकांच्या तक्रारी 'मदत' नावाच्या पेटीत येत. पेटी आपणहून उत्तर देई: 'आपली तक्रार मिळाली. कृपया यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. प्रश्न सुटला असेल तर आनंद आहे.' दहातल्या सात तक्रारी यावरच मिटत. उरलेल्या तिघांचे फोन तो घेई. वाढदिवसाच्या शुभेच्छाही यंत्रच पाठवी, बरोबर नऊ वाजता, तीनशे दहा जणांना, त्याच्यासकट. शुभेच्छांचा मजकूर त्यानेच लिहिलेला होता, तरी दर वर्षी तो वाचून त्याला बरं वाटे.

तळमजल्यावर मागच्या अंगाला सर्व्हरची खोली, तिथेच त्याचं टेबल. खोलीत बारा महिने अठरा अंशांचा गारवा, म्हणून त्याच्या अंगात बारा महिने तोच करडा स्वेटर. तीन मोठे सर्व्हर होते. त्यांना तो मोठे काका, धाकटे काका आणि आत्याबाई म्हणे. आत्याबाई म्हणजे प्रती साठवणारं यंत्र. सगळ्यांचं सगळं लक्षात ठेवायचं, आणि कुणी विचारलं की वेळ लावून सांगायचं.

आणि एक होता झाडू. झाडू म्हणजे त्याने लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. दर तीन महिन्यांनी तो सगळी खाती तपासे. ज्या खात्यात नव्वद दिवसांत एकाही माणसाचा मेल आला नाही आणि ज्यातून एकाही माणसाला मेल गेला नाही, ते खातं मृत. यंत्रांचे मेल धरायचे नाहीत. मृत खातं सकाळी दहाला बंद, संध्याकाळी पाचला कायमचं पुसून साफ. मध्ये सात तास कशाला? कुणाची तक्रार असली तर करावी म्हणून. मृतांनी आजवर तक्रार केली नव्हती.

त्या गुरुवारी दहा वाजता झाडूने यादी आणली. अकरा खाती. सात जण नोकरी सोडून गेलेले, दोघं निवृत्त, एक वारलेला. अकरावं कोण, हे त्याने वाचलं नाही. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर संशय घेणं म्हणजे स्वतःच्याच घराची बेल वाजवून उभं राहण्यासारखं. त्याने 'ठीक' दाबलं, पाण्याची बाटली घेतली आणि भरायला गेला.

परत आला तेव्हा दाराने त्याचं कार्ड ओळखलं नाही.

त्याने कार्ड पुसलं, उलटं धरलं, स्वेटरवर घासलं. लाल दिवा. पुन्हा लाल दिवा. आणि मग बाटलीतल्या पाण्याइतकं गार असं काहीतरी त्याच्या मानेवरून खाली उतरलं. अकरावं खातं कोणाचं, ते त्याला कळलं.

सगळी माणसं लिहीत ती 'मदत' पेटीला. तो उत्तरं देई तीही 'मदत'मधूनच. त्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात एरवी एखादं तरी माणूस चुकूनमाकून लिहून जाई, पण या नव्वद दिवसांत आलं होतं काय, तर तीन पगारपत्रकं आणि आपणच आपल्याला दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. ॲडमिनचे सगळे अधिकार त्या खात्याला बांधलेले. खातं गेलं की अधिकार गेले, कार्ड गेलं, खोली गेली. खोलीत फोन, चष्मा, डबा, सव्वीस स्लाइड.

पण त्याचा जीव अडकला तो स्लाइडमध्ये नाही. त्या खात्यात एक फोल्डर होता. वीस वर्षांत त्याला माणसांनी लिहिलेले 'धन्यवाद' त्यात होते. एकूण एकेचाळीस. पाच वाजता ते पुसले जाणार होते.

आणि आत्याबाई? आत्याबाईंकडे त्यांची प्रत नव्हती. 'वैयक्तिक फोल्डरची प्रत ठेवली जाणार नाही. जागा वाया जाते.' स्लाइड ९. वाक्य त्याचंच.

तक्रार
*पाठवणार: पाहुणा (स्वागतकक्षाचं यंत्र)*
*माझं खातं चुकून मृत ठरलं आहे. मी जिवंत आहे. तातडीचं.*

उत्तर
*आपली तक्रार मिळाली. कृपया यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. प्रश्न सुटला असेल तर आनंद आहे.*

"झालं काम?" स्वागतकक्षातल्या बाईंनी विचारलं. त्यांनी खुर्ची दिली होती, यंत्र दिलं होतं, वर पाणीही विचारलं होतं.

"नाही. बाई, तुम्ही मला ओळखता ना?"

"म्हणजे काय? नऊ वर्षं रोज बघते."

त्याला इतकं हायसं वाटलं की बाटली हातातून निसटता निसटता राहिली.

"तुमच्यामुळे तर इमारत गार आहे," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावरचा एसी तेवढा बघा एकदा. टपटप गळतोय."

स्लाइड ३
*नियम करा. अपवाद ठेवू नका. अपवाद म्हणजे भिंतीतली फट.*

आस्थापना विभागाच्या बाईंच्या टेबलावर सगळ्या माणसांची कागदपत्रं असतात, आणि चेहऱ्यावर ती सगळी वाचल्याचा शीण. त्याने आत जाऊन सांगितलं काय झालं ते. बाईंनी शांतपणे ऐकलं, ड्रॉवर उघडला आणि एक फॉर्म काढून त्याच्यासमोर सरकवला.

"तुमचाच आहे," त्या म्हणाल्या.

खरंच त्याचाच होता. मृत खातं पुन्हा उघडण्याचा अर्ज, पाच वर्षांपूर्वी त्याने तयार केलेला. स्वतःचं खातं स्वतः उघडता येणार नाही. दोन सहकाऱ्यांनी ओळख पटवली पाहिजे. पण नुसतं 'ओळखतो' म्हणून चालणार नाही, कारण तसं कुणीही म्हणेल. अर्जदाराने स्वतःबद्दल एक गोष्ट लिहून पाकिटात बंद करायची. गोष्ट अशी हवी की जी कंपनीच्या कुठल्याही यंत्रात नोंदलेली नाही. त्या दोन सहकाऱ्यांनी अर्जदाराबद्दल अशीच एक गोष्ट स्वतंत्रपणे लिहायची. तिन्ही जुळल्या तर खातं उघडेल. तीन वेळा चुकलं तर अर्ज रद्द.

"बाई, हे जरा..." त्याने एक उसासा टाकला. "मधला काही मार्ग नाही का? अपवादाचं बटण वगैरे?"

"होतं. तुम्ही काढून टाकलंत."

"केव्हा?"

"माझ्या ऑपरेशननंतर." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साडेतीन महिने घरी होते मी. परत आले तर माझं खातं मृत. तुम्हाला फोन केला. म्हटलं, एवढं एक उघडून द्या. तुम्ही म्हणालात, नियम म्हणजे नियम. टाके ओले होते माझे तेव्हा."

"मग? उघडलं ना खातं?"

"दोन मिनिटांत. मी लिहिलं, मला सलग सात शिंका येतात. दोघं हवी होती, अकरा जण आले. सगळ्यांनी सात लिहिलं. एकाने आठ लिहिलं, त्याच्याशी आजही मी जरा बेतानेच बोलते."

त्याने फॉर्म उचलला. त्यावरच्या रिकाम्या रेघेकडे तो बघत राहिला. 'स्वतःबद्दल एक गोष्ट.' पाच वर्षांपूर्वी ही रेघ आखताना ती किती लहान वाटली होती.

पाकीट पहिलं

वेळ सव्वाअकरा. बराच विचार करून त्याने लिहिलं, 'मला जुनी गाणी आवडतात.' मग तो साक्षीदार शोधायला निघाला.

दुसऱ्या मजल्यावर अकाउंट्सचे प्रमुख बसत. अठरा वर्षांत त्यांचे आठवड्याला दोन याप्रमाणे फोन. इतकं तर काही नवरा-बायकोही बोलत नाहीत. तो त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"काय हवंय?" प्रमुखांनी मान वर न करता विचारलं.

"मी. म्हणजे, आयटीतून आलोय."

"बरं. नवीन का?"

"वीस वर्षं झाली."

प्रमुखांनी मान वर केली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाही हो. आयटीतले वेगळे आहेत. मी रोज बोलतो त्यांच्याशी."

आता या माणसाला काय सांगावं? त्याने एक उसासा टाकला.

"अहो, तुम्ही होय," प्रमुख खुर्चीतून अर्धे उठले. "बसा, बसा. मला वाटायचं तुम्ही उंच असाल. काय, कसं काय वर येणं केलंत?"

आवाजावरून ओळखलं, त्याला वाटलं. शेवटी अठरा वर्षांचा संबंध. दुसरी साक्षीदार म्हणून स्वागतकक्षातल्या बाईच बऱ्या, निदान चेहरा तरी ओळखतात. दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या लिहून आस्थापनेत दिल्या. तिथल्या बाईंनी तिन्ही उघडल्या. एक वाचून त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसरी वाचून त्यांनी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं, पण पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"जुळत नाही," त्या म्हणाल्या.

"काय लिहिलंय त्यांनी?"

"तिसऱ्या प्रयत्नापर्यंत दाखवता येत नाही. पान दोन, तुमचीच ओळ." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "एवढं सांगते. एका चिठ्ठीत लिहिलंय की तुम्ही एसी फार मन लावून दुरुस्त करता."

तक्रार
*दुसरा मजला. प्रिंटर कागद ओढतोय पण सोडत नाही. 'मदत'ला फोन केला, कुणी उचलत नाही. असं कधी झालं नव्हतं. सगळं ठीक आहे ना?*

उत्तर
*आपली तक्रार मिळाली. कृपया यंत्र बंद करून...*

पाकीट दुसरं

जेवणाच्या सुट्टीत सगळे जेवत होते. त्याचा डबा कुलपाआड मोठ्या काकांच्या शेजारी. तो स्वागतकक्षात आला आणि तिथल्या फोनवरून त्याने ताईला फोन लावला. थोरली बहीण दुसऱ्या गावात, दर रविवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन. आज गुरुवार, अनोळखी नंबर. घंटी वाजली, पलीकडे तिने उचलला. बोलायला सुरुवात कुठून करावी हे न सुचून त्याने एक उसासा टाकला.

"बोल रे," ताई म्हणाली. "आज गुरुवारी कसा? बरं आहे ना?"

"बरंय. ताई, माझ्याबद्दल एक गोष्ट सांग."

"कसली गोष्ट?"

"लोकांच्या लक्षात येईल अशी. माझ्यात काय आहे लक्षात राहण्यासारखं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईने ती होऊ दिली.

"तुझं लग्नाचं काही चाललंय का?"

"नाही ताई. ऑफिसचा फॉर्म आहे."

"ऑफिसला कशाला हव्यात असल्या चौकशा? झोपेत दात खातोस, ते लिही."

"ऑफिसात कोण बघतंय झोपताना?"

"मग जेवणात मिरची वेचून काढतोस. ते तरी बघत असतील, जेवताना बरोबर असतात ते."

त्याने फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"जेवतोस ना रे कुणाबरोबर?" ताईने विचारलं.

"हो. तिघंजण असतात."

"मग त्यांना विचार की." ताईचा आवाज जरा खाली आला. "लहानपणी तू मांजराशी तास न् तास बोलायचास. आई म्हणायची, याला माणसं पुरत नाहीत. मला वाटायचं, उलटं आहे. याला माणसांचीच धास्ती."

मांजर! त्याच्या डोक्यात लख्ख पडलं. मांजर नाही, पण काका आणि आत्याबाई. रोज सकाळी तो दार उघडतो आणि म्हणतो, 'काय मंडळी, रात्र कशी गेली?' बाहेरच्या बोळातून येणाजाणाऱ्यांनी ते ऐकलं असणारच. इतकं विचित्र वागणं माणूस विसरेल कसा? त्याने लिहिलं, 'मी यंत्रांशी बोलतो.' या वेळी साक्षीदार म्हणून अकाउंट्सचे प्रमुख आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे कॅशियर. दोघांनी एका मिनिटात लिहून दिलं. लिहिताना विचारसुद्धा करावा लागला नाही, हे बघून त्याची आशा टाचा उंच करून उभी राहिली.

बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. "जुळत नाही."

"दोन्ही?"

"तुमच्याशी दोन्ही जुळत नाहीत. एकमेकांशी जुळतात. अक्षर न् अक्षर."

स्लाइड ९
*(वगळली.)*

स्लाइड २६
*प्रश्न?*

तीन वाजता सभागृहात साठ माणसं बसली होती. मोठे साहेब पहिल्या रांगेत. पडद्यावर स्लाइडऐवजी निळा चौकोन, त्यात 'संकेत मिळत नाही'. तो मंचावर चढला तेव्हा साहेबांनी शेजाऱ्याला विचारलेलं सगळ्यांना ऐकू आलं. "ॲडमिन कुठायत? हे एसीवाले ना?"

सव्वीस स्लाइड पाठ होत्या. त्याने तोंड उघडलं. उत्तम ॲडमिन तोच, असं म्हणायचं होतं. आरशासमोर ते छान जमायचं. समोर साठ तोंडं होती, आणि त्यांतली दोन-चार सोडली तर एकानेही त्याचं तोंड आधी नीट पाहिलेलं नव्हतं. ते वाक्य त्याने सोडून दिलं.

"माझं खातं बंद झालंय," तो म्हणाला. "मीच केलंय. पाच वाजता ते पुसलं जाईल. त्यात... त्यात थोडं सामान आहे माझं. दोन माणसं हवीत."

मग त्याने नियम समजावून सांगितला. नियम समजावण्यात तो वाकबगार होता. आस्थापनेच्या बाई मागच्या रांगेतून उठल्या, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन पुढे आल्या. "दोनच का," त्या म्हणाल्या. "सगळेच लिहा. ज्याला जे माहीत असेल ते."

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. आणि त्याच्या डोक्यात वीस वर्षांची सगळी हुशारी एकवटली. हे साठ जण आता काय लिहितील? जे समोर दिसतंय तेच लिहितील. आणि समोर दिसतंय काय, तर भर उकाड्यात करडा स्वेटर घातलेला माणूस. शंभर नंबरी उत्तर. त्याने छाती जरा पुढे काढली, स्वेटर दिसावा म्हणून मंचावर एक चक्कर मारली, आणि तिसऱ्या पाकिटात लिहिलं, 'मी बारा महिने स्वेटर घालतो.'

लोक पटापट लिहीत होते. कुणी पेन चघळत नव्हतं, कुणी छताकडे बघत नव्हतं. नव्या भरतीतल्या एकीने शेजारणीला विचारलं, शेजारणीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, दोघी खांदे हलवत हसल्या आणि तिनेही लिहिलं.

बाईंनी आधी त्याचं पाकीट फोडलं, वाचलं, बाजूला ठेवलं. मग चिठ्ठ्या. हा तिसरा प्रयत्न, म्हणजे आता मोठ्याने वाचायला हरकत नव्हती.

"फोन उचलला की आधी उसासा टाकतात."

पुढची. "उसासा."

"बोलण्याआधी उसासा सोडतात. आमच्याकडे त्यावर घड्याळ लावतात."

"लांब उसासा असला तर सर्व्हर, आखूड असला तर प्रिंटर."

"माझी लेक घरी खेळताना तुमचा उसासा काढून दाखवते."

"उसासा." "उसासा." "एसी." "उसासा."

सभागृहात आधी खुसखुस झाली, मग हसू, मग कॅशियरने उभं राहून करून दाखवला. छाती भरून आत, क्षणभर थांबून, नाकातून बाहेर, शेवटी खांदे खाली. टाळ्या पडल्या. मग अकाउंट्सच्या प्रमुखांनी केला, मग तिसऱ्या मजल्याने एकत्र केला. बघता बघता साठ माणसांनी मिळून असा एक उसासा टाकला की पडदा हलला. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अरेच्चा, हे तर तेच."

तो मंचावर उभा होता. आपण असं करतो? वीस वर्षं? त्याने कधीच ऐकलं नव्हतं.

बाईंनी हिशेब मांडला. "साठ चिठ्ठ्या. अठ्ठावन्न जणांचं एकच उत्तर. एका चिठ्ठीत एसी. एक कोरी, ती साहेबांची." मग त्या त्याच्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. "सगळ्यांचं जुळलं हो. फक्त तुमचं जुळत नाही. नियमाप्रमाणे इथे तुम्हाला न ओळखणारे एकटे तुम्हीच."

अर्ज रद्द.

पाच वाजता

तो आणि बाई आस्थापनेत बसले होते. बाईंच्या पडद्यावर अकरा खात्यांची यादी होती. पाच वाजून एक सेकंदाला एकही नव्हतं.

"काय होतं त्यात?" बाईंनी विचारलं.

"धन्यवाद होते. एकेचाळीस."

"वीस वर्षांत?"

"त्यातले चार चुकून आलेले. दुसऱ्या कुणाला लिहिले होते, पत्ता चुकला. पण आले ना."

"माझा होता का एखादा?"

"नाही."

"असणार नाहीच. टाके ओले होते माझे." बाईंनी ड्रॉवरमधून बिस्किटांचा पुडा काढून मध्ये ठेवला. दोघांनी दोन-दोन खाल्ली. मग बाईंना शिंका येऊ लागल्या. तो नकळत मोजत होता. सात.

"जेवला नाहीत ना आज?" त्यांनी नाक पुसत विचारलं.

"डबा आत आहे. तिघांजवळ."

"कोण तिघं?"

त्याने सांगितलं. मोठे काका, धाकटे काका, आत्याबाई. बाई हसल्या नाहीत. "आत्याबाईंना ठेवू द्यायचे होते ते एकेचाळीस," एवढंच म्हणाल्या.

स्वागत
*प्रिय नवीन सहकारी, कंपनीत आपलं स्वागत आहे. आपला कर्मचारी क्रमांक ३११. काल झालेल्या 'यशस्वी करिअर' या व्याख्यानाबद्दल आपला अभिप्राय कळवा.*

नवीन माणसाचं खातं उघडणं आस्थापनेच्या हातात होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो कंपनीत नव्याने रुजू झाला, साहेबांच्या सहीने ॲडमिनचे अधिकार परत मिळाले, दार उघडलं. "काय मंडळी, रात्र कशी गेली?" त्याने विचारलं. कालचा डबा जड मनाने रिकामा केला. फोन वाजला. आता माहीत झालं होतं, तेव्हा त्याने मनाचा हिय्या केला, श्वास रोखला आणि अगदी सरळ म्हणाला, "नमस्कार, आयटी."

"माफ करा, चुकून लागला," म्हणून पलीकडून फोन ठेवला गेला.

अर्ध्या मिनिटात पुन्हा वाजला. त्याने उचलला. जे व्हायचं ते झालं.

"हां, आता लागला," अकाउंट्सचे प्रमुख म्हणाले. "प्रिंटर. आणि काय हो, आज जेवायला वर येताय का? कॅशियरला तुमच्याकडून नीट शिकायचंय. त्याचा शेवटी खांदा पडत नाही."

त्याला मिरची वेचून काढताना तिथे सगळ्यांनी पाहिलं.

त्याच्या नव्या खात्यात पहिला मेल आला तो आस्थापनेच्या बाईंचा. 'खातं चालतंय का पाहण्यासाठी पाठवत आहे. जिवंत असल्यास उत्तर द्यावे.' त्याने उत्तर दिलं, 'आहे. धन्यवाद.' उलट एक ओळ आली, 'धन्यवाद.' त्याने नवा फोल्डर उघडला आणि त्यात ती ठेवली. एक.

त्यानंतर एकोणनव्वदाव्या दिवशी पुन्हा मेल आला. 'जिवंत असल्यास उत्तर द्यावे.' त्याला वाटलं, लक्षात ठेवलं बाईंनी. मग सवयीने त्याची नजर वेळेवर गेली. दहा वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद. माणसं असे मेल पाठवत नाहीत. माणसं सात मिनिटं उशिरा पाठवतात. बाईंनी यंत्राला सांगून ठेवलं होतं, दर एकोणनव्वद दिवसांनी, आपोआप. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली होती? त्यानेच, फोनवरून, चार वर्षांपूर्वी.

आणि यंत्रांचे मेल झाडू धरत नाही.

मग त्याने झाडूचा प्रोग्राम उघडला आणि त्यात आयुष्यातला पहिला अपवाद लिहिला: यंत्राने पाठवलेला मेल, त्या यंत्राला कुणी माणसाने सांगून ठेवलं असेल तर, माणसाचाच धरावा.

लिहून झाल्यावर त्याने उसासा टाकला. मोठ्या काकांचा पंखा जरा थांबल्यासारखा वाटला, पण तो भास असणार. लांब होता. म्हणजे सर्व्हर.